डॉक्टर की सॉफ्टवेअर इंजिनिअर: आयुष्यभराच्या कमाईचा एक विकतचा अहवाल

दहावीचे निकाल लागले की पुण्यात करिअर समुपदेशन केंद्रांच्या जाहिरातींना ऊत येतो. आता या केंद्रांच्या सेवांमध्ये एका नव्या वस्तूची भर पडलेली आहे. दोन व्यवसाय निवडायचे, केंद्राने त्या दोन्हींमधून आयुष्यभरात किती पैसा मिळेल याचा हिशेब करायचा आणि तो छापील अहवालाच्या रूपाने पालकांच्या हाती द्यायचा, असे या सेवेचे स्वरूप आहे. आमची मुलगी अकरावीत पीसीएमबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र) घेऊन शिकते. गणित आणि जीवशास्त्र ही दोन्ही ओझी बारावीपर्यंत वाहायची, की आताच एक खाली ठेवायचे, हा प्रश्न घरात बरेच दिवस रेंगाळत होता. म्हणून कल चाचणी, समुपदेशकाबरोबर तासभराची भेट आणि ‘डॉक्टर विरुद्ध सॉफ्टवेअर इंजिनिअर’ असा आजीवन उत्पन्नाचा तुलनात्मक अहवाल, या तिन्हींचे मिळून साडेआठ हजार रुपये आम्ही मोजले. केंद्राचे नाव येथे देत नाही. माझी तक्रार अहवालाच्या पद्धतीबद्दल आहे आणि तशाच धर्तीचे अहवाल इतरही ठिकाणी विकले जात असल्याचे ओळखीच्या पालकांकडून समजते.

आधी सरळ गोष्टी सांगतो. वेळ ठरल्याप्रमाणे मिळाली, बसायची व्यवस्था चांगली होती आणि कर्मचारी अदबीने वागले. कल चाचणी ठीक होती. तिच्यातून मुलीबद्दल आम्हाला ठाऊक नव्हते असे फारसे काही निघाले नाही, परंतु चुकीचेही काही निघाले नाही. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची अशी चाचणी मोफत घेतली होती, हे मात्र पैसे भरताना आठवल्यावाचून राहिले नाही. खटकली ती वरकड विक्री. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल ओळखण्याची एक चाचणी आमच्या गळ्यात घालण्याचा स्वागतकक्षातूनच प्रयत्न झाला. या प्रकाराला कोणताही शास्त्रीय आधार नाही, आणि जे केंद्र आकडेमोडीच्या जोरावर सल्ला देण्याचा दावा करते त्याने तो विकायला ठेवावा, हे मला शोभणारे वाटले नाही. आम्ही नकार दिल्यावर आग्रह झाला नाही, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

आता मुख्य वस्तूकडे वळू. अहवाल गुळगुळीत कागदावर छापलेला आहे आणि त्याच्या मधल्या पानावर दोन रंगीत स्तंभ आहेत. डॉक्टरच्या स्तंभाखाली ३५ कोटी आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या स्तंभाखाली २१.८ कोटी असा आकडा आहे. हे पान उघडल्यावर कोणत्याही पालकाचा निर्णय जागच्या जागी होऊन जाईल. हे आकडे कसे आले ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दिलेले आहे, आणि ते दिलेले आहे हीच या अहवालाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणावी लागेल, कारण त्यामुळे हिशेब तपासता तरी आला. डॉक्टर २७ व्या वर्षी एमडी होऊन वर्षाला २४ लाखांवर सुरुवात करतो आणि त्याचे उत्पन्न साठीपर्यंत दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते. इंजिनिअर २२ व्या वर्षी ६ लाखांवर लागतो आणि त्याचा पगार साठीपर्यंत दरवर्षी १० टक्क्यांनी वाढतो. दोन्हींची बेरीज करून पाहिली. ती अचूक आहे.

बेरीज अचूक असूनही आकडा निरुपयोगी आहे, कारण त्यात वयाच्या २२ व्या वर्षी मिळालेला रुपया आणि ५९ व्या वर्षी मिळालेला रुपया एकाच मापाने मोजलेला आहे. बँकेच्या व्यवहारात ज्याने थोडेफार काम केलेले आहे तो असे कधीही करणार नाही. वर्षाला ८ टक्के परतावा धरला तर पैसा नऊ वर्षांत दुप्पट होतो; म्हणजे डॉक्टरला २७ व्या वर्षी मिळणाऱ्या २४ लाखांची किंमत आज अठरा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने १२ लाख आहे. त्याचे उत्पन्नही ८ टक्क्यांनीच वाढते असे अहवालाने धरल्यामुळे पुढच्या प्रत्येक वर्षाची आजची किंमत तेवढीच, म्हणजे १२ लाख राहते, आणि ३३ वर्षांचे मिळून सुमारे ३.९६ कोटी होतात. याच मापाने इंजिनिअरचे २१.८ कोटी आज २.४० कोटींवर येतात. डॉक्टर अजूनही पुढे आहे, परंतु तेरा कोटींची दिसणारी दरी दीड कोटीची झाली. आणि एवढ्यात आपण फीचा एक रुपयाही धरलेला नाही.

अहवालातील फीची ओळ तर फारच गमतीची आहे. ‘शैक्षणिक खर्च: महाविद्यालयानुसार’ एवढे लिहून ती मोकळी सोडलेली आहे. या एका ओळीवर सगळा हिशेब उलटसुलट होऊ शकतो, हे अहवाल तयार करणाऱ्याला ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि देशभरातील एमबीबीएसच्या सगळ्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. त्यांपैकी साधारण निम्म्याच सरकारी. सरकारी महाविद्यालयात वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या घरात असते. खासगी महाविद्यालयाची फी महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि तीही सरकारीच्या कित्येक पट असते, तर अभिमत विद्यापीठांत ती वर्षाला वीस लाखांच्या पुढे सहज जाते. समजा, खासगी महाविद्यालयात एमबीबीएसची साडेचार वर्षे वर्षाला १२ लाख आणि पुढे अभिमत विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे वर्षाला ३० लाख भरले. हे आकडे मी मुद्दाम फार फुगवलेले नाहीत. रेडिओलॉजी किंवा त्वचारोग यांसारख्या मागणीच्या शाखांत यापेक्षा जास्त मोजणारे पालक आहेत. या खर्चाची आजची किंमत जवळजवळ एक कोटी होते आणि ३.९६ कोटींचे २.९६ कोटी उरतात. इंजिनिअरिंगची चार वर्षांची फी वर्षाला २ लाख धरली तर त्याचे २.३३ कोटी उरतात. दरी आता त्रेसष्ट लाखांची आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस आणि एमडी करणाऱ्याला निवासी डॉक्टर म्हणून तीन वर्षे विद्यावेतन मिळते. महाराष्ट्रात त्यात २०२४ मध्ये दहा हजारांची वाढ झाली आणि ते आता महिना ऐंशी हजारांच्या पुढे आहे. अहवालाने ही तीन वर्षे सरळ शून्य उत्पन्नाची धरलेली आहेत. ती रक्कम मिळवली आणि सरकारी फी वजा केली, तर त्या डॉक्टरचा आकडा चार कोटींच्या थोडा पुढे जातो. म्हणजे एकच पदवी आणि एकच कौशल्य असलेल्या दोन डॉक्टरांमध्ये केवळ जागा सरकारी की खासगी यामुळे एक कोटीहून अधिक फरक पडला, आणि खासगीतून शिकलेला डॉक्टर व इंजिनिअर यांच्यातील फरक त्याहून लहान निघाला. दोन व्यवसायांमधील अंतरापेक्षा एकाच व्यवसायाच्या पोटातले अंतर मोठे आहे, ही गोष्ट या अहवालाने पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापायला हवी होती. दोन रंगीत स्तंभांच्या चित्रात ती दिसूच शकत नाही.

२७ व्या वर्षी एमडी, हे गृहीतक तर आपल्याकडच्या कोणत्याही डॉक्टरच्या घरी विचारून पाहावे. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे एमबीबीएस आणि तीन वर्षे एमडी ही बेरीज बरोबर आहे, परंतु त्यासाठी नीट पहिल्याच वर्षी निघावी लागते, पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत पहिल्याच झटक्यात हवी ती शाखा मिळावी लागते आणि मध्ये बंधपत्राचे वर्ष येता कामा नये. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सेवेचे बंधन असते आणि ते टाळायचे तर १० लाख रुपये भरावे लागतात. त्या वर्षात पगार मिळतो, त्यामुळे ते वर्ष पूर्ण वाया गेले असे म्हणता येणार नाही. परंतु तज्ज्ञ म्हणून कमाई सुरू होण्याची तारीख पुढे जातेच. बारावीनंतर एक ‘रिपीट’, एमबीबीएसनंतर पीजीसाठी एक वर्ष अभ्यासिकेत आणि आणखी एखादे वर्ष इकडेतिकडे, ही आजची अगदी सर्वसामान्य वाट आहे. तज्ज्ञांचे सुरुवातीचे पगार दरम्यान त्याच गतीने वाढले असे उदारपणे धरले तरी या तीन वर्षांचे प्रत्येकी १२ लाख, म्हणजे ३६ लाख वजा होतात. आणि सुरुवात महिना दोन लाखांऐवजी सव्वा लाखावर झाली, जी लहान शहरातील नव्या एमडीसाठी किंवा मागणी कमी असलेल्या शाखेसाठी अशक्य मुळीच नाही, तर खासगीतून शिकलेल्या त्या डॉक्टरचा आकडा सव्वा कोटीवर येतो. तीन रकाने बदलले आणि इंजिनिअर कोटीभराने पुढे गेला.

म्हणून इंजिनिअरच्या बाजूचा आकडा खरा मानावा असे नाही. तो तर अधिकच हवेतला आहे. ६ लाखांवर दरवर्षी १० टक्के वाढ साठीपर्यंत चालू ठेवली की ५९ व्या वर्षीचा पगार दोन कोटी चार लाख येतो. हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये साठीला टेकलेले आणि अजूनही दोन आकडी पगारवाढ घेणारे किती जण आहेत, हे तेथे एक चक्कर मारून कोणालाही पाहता येईल. मोठ्या सेवा कंपन्यांमध्ये नवख्या इंजिनिअरचे सर्वसाधारण पॅकेज गेली दहाहून अधिक वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळते आहे, आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याचा रोख प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीवर होता. सुरुवात साडेतीन लाखांवर धरली आणि नोकरी पन्नाशीला संपली असे मानले, तर २.३३ कोटींचे ८६ लाख उरतात. उलट स्वतःचे सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या चांगल्या प्रॉडक्ट कंपनीत वीस-पंचवीस लाखांवर लागणारी मुलेही आहेत. त्यांना कंपनीचे समभाग मिळतात आणि तिशीच्या आत त्यांचे घराचे कर्ज फिटलेले असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून शाखानिहाय प्रवेशसंख्येवरची मर्यादा उठवल्यानंतर संगणक शाखेच्या जागा गावोगावी वाढलेल्या आहेत. तेव्हा ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ या एका नावाखाली यापुढे किती वेगवेगळ्या नशिबांची मुले येणार आहेत, याचा अंदाज करावा.

आणखी एका बाबतीत अहवाल दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवतो. इंजिनिअरचा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला त्याच्यावर पडणाऱ्या एकूण खर्चाचा आहे; त्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतील वाटा, ग्रॅच्युइटी आणि मिळेल-न-मिळेल असा कामगिरीवरचा भाग मिसळलेला आहे. डॉक्टरचा आकडा मात्र एकूण जमेचा आहे. त्यातून दवाखान्याचे भाडे, परिचारिकेचा पगार, यंत्रांचे हप्ते, जैववैद्यकीय कचऱ्याचे शुल्क आणि दाव्यांपासून संरक्षण देणारा विमा हे सगळे अजून जायचे आहे. करांचा तर उल्लेखच नाही, आणि नेमके तेथेच दोघांची वाट सर्वांत जास्त फुटते. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४४एडीए होते. त्यानुसार रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर वर्षाला ७५ लाखांपर्यंत जमा असलेल्या डॉक्टरला जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवून त्यावर कर भरता येत असे. रुग्णालयात सल्लागार म्हणून ५० लाख मिळवणाऱ्याला २५ लाखांवर कर, आणि ५० लाख पगार घेणाऱ्या इंजिनिअरला नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट सोडून बाकी सगळ्यावर. ज्याच्या प्रत्यक्ष खर्चाचे प्रमाण कमी आहे अशा डॉक्टरला याचा लाभ पुढील तीस वर्षे मिळत राहिला, तर तो अहवालातील कोणत्याही टक्केवारीपेक्षा जड भरेल. साडेआठ हजारांच्या अहवालात यासाठी एक परिच्छेद मिळू नये, याचे आश्चर्य वाटते.

परदेशाबद्दलचे पान वगळले असते तर बरे झाले असते. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाचे मे २०२३ चे आकडे तेथे दिलेले आहेत: डॉक्टरांचे मध्यम वार्षिक वेतन २,३९,२०० डॉलर किंवा त्याहून अधिक आणि सॉफ्टवेअर डेव्हलपरचे १,३२,२७०. आकडे खरे आहेत. पण आपल्याकडील एमडी झालेल्या डॉक्टरला तेथे जाऊन परवाना परीक्षा देऊन निवासी प्रशिक्षण बहुधा पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, हे त्या पानावर नाही. इंजिनिअरला तेथे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या वर्षाला ८५ हजार जागांसाठीच्या सोडतीतून जावे लागते, हेही नाही.

एवढे सगळे लिहूनही साडेआठ हजार पाण्यात गेले असे मी म्हणणार नाही, आणि त्याचे कारण समुपदेशक बाई आहेत. भेटीच्या वेळी अहवाल समोर ठेवून त्यांनी पाठ केल्यासारखे बोलायला सुरुवात केली होती. मुलीने मध्येच विचारले, “मॅडम, रेसिडेन्सीत पैसे मिळतात ना? माझ्या मावसबहिणीला मिळतात. इथे तर शून्य लिहिलंय.” बाईंनी अहवालाकडे पाहिले, मग लॅपटॉप आमच्याकडे वळवला आणि मूळ एक्सेलचा तक्ता उघडला. “सर, ही ओळ मीच घालते आता,” असे म्हणून त्यांनी आमच्या देखतच तीन वर्षांच्या रकान्यांत आकडे भरले. मग मी फी सांगितली, ती त्यांनी भरली; मुलीने “समजा, मी एक वर्ष रिपीट केलं तर?” असे विचारले, तेही त्यांनी करून दाखवले. प्रत्येक वेळी तळाचा आकडा वर-खाली जात होता आणि मुलगी पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढून तक्त्यात डोके घालून बसली होती. छापील अहवालाने जे साधले नाही ते त्या अर्ध्या तासात साधले. बाईंनी प्रामाणिकपणे असेही सांगितले की, बहुतेक पालक मधले पान पाहून उठतात आणि शेवटच्या पानावरचे कोणी विचारत नाही. निवासी डॉक्टरांच्या सलग ड्युट्या, रात्रीचे फोन आणि चाळिशीनंतर सॉफ्टवेअरमध्ये नवे तंत्र पुन्हा शिकावे लागणे, यांबद्दलही त्या नेमके बोलल्या. तासाभराच्या वेळेत त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही.

या सेवेला पाचपैकी गुण द्यायचे झाले तर भेटीला चार आणि अहवालाला दोन देईन. केंद्राने भेटीचे पैसे वेगळे घ्यावेत आणि अहवालाऐवजी तो तक्ताच पालकांच्या हाती द्यावा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. ‘विचार करू’ असे उत्तर आले. ज्यांना जायचे असेल त्यांनी दहावीनंतर, विषय निवडण्याआधी जावे, म्हणजे सल्ल्याचा उपयोग होईल. बारावीचे मूल घेऊन गेलात तर निम्मा हिशेब नीटच्या आणि एमएचटी-सीईटीच्या गुणांनी आधीच करून ठेवलेला असतो. जाताना आपल्या ऐपतीतील फीचा आकडा, कर्ज काढायचे असल्यास त्याचा व्याजदर आणि मूल किती वर्षे थांबू शकेल याचे घरात ठरलेले उत्तर बरोबर न्यावे. पीडीएफवर समाधान मानू नये. बदल करता येईल अशी मूळ फाइल मागावी. आम्हाला ती मागितल्यावर त्याच संध्याकाळी ई-मेलने मिळाली, आणि तिच्यासाठी वेगळे पैसे पडले नाहीत.